शेताची खतावणी : भातपीक, खत देण्याच्या पद्धती आणि जमिनीची सुपीकता

दुकानदार रोजचा जमाखर्च लिहितो आणि वर्षअखेरीस खतावणी उघडून नफातोटा पाहतो. शेतकऱ्याजवळ मात्र पुष्कळदा अशी वही नसते. त्याची खतावणी जमिनीतच लिहिली जाते. कोणत्या वर्षी काय जमा झाले, कोणत्या वर्षी काय खर्ची पडले, याची नोंद जमीन बिनचूक ठेवते. फरक एवढाच, की तिचा हिशेब एका हंगामात उघड होत नाही. तो दहा-वीस वर्षांनी पुढे येतो, आणि तेव्हा चूक दुरुस्त करणे सोपे राहिलेले नसते.

लावणीनंतर भाताच्या शेतात युरियाची मूठ पडली की आठवड्याभरात सारे शेत काळेभोर हिरवे दिसू लागते. मेरेवर उभे राहून ते पाहणाऱ्याला समाधान वाटते. शेजारीही तेच करतो. वर्षानुवर्षे एकच एक खत आणले जाते, शेणखताचा ढीग लहान होत जातो, आणि 'पूर्वीसारखे पीक येत नाही' अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. दोष कधी बियाण्याला दिला जातो, कधी पावसाला, तर कधी सरसकट साऱ्या रासायनिक खतांना. प्रस्तुत लेखाचा हेतू हा दोष नेमका कोठे आहे ते पाहण्याचा आहे. लेखक कृषिशास्त्रज्ञ नाही. तथापि शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ खपून जे सिद्ध केले, ते सर्वांना समजेल अशा भाषेत मांडणे हे प्रसिद्धीच्या कामाचे कर्तव्यच होय.

पीक जमिनीतून काय नेते?

वनस्पतीला हवा आणि पाणी यांखेरीज अनेक अन्नद्रव्ये लागतात. त्यांपैकी नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन प्रमुख होत. नत्रामुळे पानांची व फुटव्यांची वाढ होते. स्फुरदामुळे मुळे जोम धरतात आणि दाणा वेळेवर पक्व होतो. पालाशामुळे काडीला बळकटी येते, दाणा भरतो आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती वाढते. यांशिवाय गंधक, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये आणि जस्त, बोरॉन यांसारखी सूक्ष्म द्रव्येही आवश्यक असतात.

एक टन भात पिकताना दाणा आणि पेंढा मिळून जमिनीतून साधारणपणे १५ ते २० किलो नत्र, ५ ते ७ किलो स्फुरद आणि १८ ते २४ किलो पालाश उचलला जातो. समजा, एका हेक्टरात चार टन, म्हणजे ४० क्विंटल भात आले. याचा अर्थ त्या हेक्टराने ६० ते ८० किलो नत्र, २० ते २८ किलो स्फुरद आणि ७२ ते ९६ किलो पालाश खर्च केला.

आता जमेची बाजू पाहू. शेतकऱ्याने त्या हेक्टरात युरियाच्या दोन गोणी टाकल्या. हल्लीची गोणी ४५ किलोची असते आणि युरियात नत्राचे प्रमाण शेकडा ४६ असते. म्हणजे ९० किलो युरियातून सुमारे ४१ किलो नत्र पडले. त्यातलेही सगळे पिकाच्या तोंडी लागत नाही. भाताच्या चिखलात टाकलेल्या नत्रापैकी साधारणतः शेकडा ३० ते ४० एवढाच भाग पीक घेते. उरलेल्यापैकी काही वायुरूपाने हवेत उडून जातो, काही पाण्याबरोबर वाहतो वा झिरपतो. स्फुरद आणि पालाश यांच्या रकान्यात जमा शून्य. मग इतके पीक आले कोठून? उत्तर उघड आहे. ते जमिनीच्या साठ्यातून आले. युरियाने पिकाची भूक वाढवली आणि वाढलेल्या भुकेचा भार जमिनीच्या जुन्या शिलकीवर पडला. व्याज संपल्यावर मुद्दल खाण्याचा हा प्रकार होय.

दीर्घ मुदतीच्या प्रयोगांची साक्ष

असे मुद्दल किती वर्षे पुरते, हे एकट्यादुकट्याच्या अनुभवावरून ठरवता येत नाही, कारण पाऊस, बियाणे, कीड ही दरसाल बदलत असतात. त्यासाठी एकाच शेतात, त्याच तुकड्यांवर, तीच खते पिढ्यान्‌पिढ्या देऊन पाहावी लागतात. असे प्रयोग झाले आहेत आणि आजही चालू आहेत.

त्यांतील सर्वांत जुना प्रयोग इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील आहे. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली तेथील ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला. शेताचे पट्टे पाडून एका पट्ट्याला काहीच खत द्यायचे नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत द्यायचे, आणि इतरांना रासायनिक खते निरनिराळ्या मेळांत द्यायची, असे ठरले. बिनखताच्या पट्ट्यातून हेक्टरी सुमारे एक टनाच्या आसपासच गहू येत राहिला. शेणखताच्या पट्ट्याचे आणि समतोल रासायनिक खताच्या पट्ट्याचे उत्पन्न दीर्घकाळ जवळजवळ सारखे राहिले. मात्र जमिनीच्या अंतरंगात मोठा फरक पडला. शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. पुढे अधिक उत्पन्न देणारे गव्हाचे वाण आले, तेव्हा शेणखताला नत्राची जोड दिलेल्या पट्ट्याने उत्तम उत्पन्न दिले.

आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. कानपूर येथे १८८५ साली आणि कोइमतूर येथे १९०९ साली अशा प्रकारचे कायम खतप्रयोग सुरू झाले. पुढे हरितक्रांतीच्या काळात खतांचा वापर वाढू लागला, तेव्हा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७०-७१ पासून निरनिराळ्या जमिनींच्या अकरा केंद्रांवर दीर्घ मुदतीचे खतप्रयोग हाती घेतले. लुधियाना, पंतनगर, जबलपूर, रांची, पालमपूर, भुवनेश्वर, बंगळूर, हैदराबाद ही त्यांतील काही केंद्रे होत. नंतर अकोला, परभणी यांसारख्या केंद्रांची त्यांत भर पडली. या प्रयोगांचे निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला निष्कर्ष असा, की एकटे नत्र देत राहिल्यास उत्पन्न प्रारंभी वाढते, पण पुढे घसरते. रांची आणि पालमपूर येथील आम्ल जमिनींत ही घसरण इतकी तीव्र झाली, की काही वर्षांनी एकट्या नत्राच्या तुकड्यातील मका, गहू यांसारखी पिके जवळजवळ हातची गेली. दुसरा निष्कर्ष असा, की नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही योग्य प्रमाणात दिल्यास उत्पन्न टिकून राहते. आम्ल जमिनीत त्यांना चुन्याची जोड मिळाल्यास ते अधिक सुधारते. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. समतोल रासायनिक खताबरोबर शेणखतही दिले, तर बहुतेक केंद्रांवर उत्पन्न सर्वांत अधिक आले, ते वर्षानुवर्षे स्थिर राहिले, आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब कमी होण्याऐवजी वाढला. भुवनेश्वर येथे आपल्यासारख्याच जांभ्या जातीच्या जमिनीत वर्षाला भाताची दोन पिके घेतली जातात. तेथेही हाच अनुभव आला.

एकट्या नत्राने जमीन का थकते?

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण अन्नद्रव्यांच्या परस्परावलंबनाचे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकात एक नियम लोकप्रिय केला. पिकाचे उत्पन्न सर्वांत तुटपुंज्या असलेल्या अन्नद्रव्यावर ठरते, असा तो नियम आहे. पिंपाची एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या फळ्या कितीही उंच असल्या तरी पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते. स्फुरदाची फळी आखूड असताना युरिया ओतत राहणे म्हणजे वरून पाणी ओतणे होय. ते सांडणारच.

दुसरे कारण आम्लतेचे. युरियातील नत्राचे जमिनीत रूपांतर होताना आम्ल निर्माण होते. १०० किलो युरियाने येणारी आम्लता घालवायला सुमारे ८० किलो शुद्ध चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटच्या बाबतीत हा आकडा सुमारे ११० किलो आहे. जमिनीचा सामू, म्हणजे आम्लविम्लतेचे माप, साडेपाचाच्या खाली उतरला की जमिनीतील ॲल्युमिनियम विरघळू लागतो आणि कोवळ्या मुळांना जाळतो. स्फुरदही लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडला जाऊन पिकाला दुर्मिळ होतो.

तिसरे कारण सूक्ष्म द्रव्यांचे. उत्पन्न वाढले की ही द्रव्येही अधिक उचलली जातात, पण युरियाच्या गोणीतून ती परत येत नाहीत. उत्तरेतील तराई भागात १९६० नंतरच्या दशकात भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी डाग पडून पीक खुजे राहू लागले. लोक त्याला 'खैरा' म्हणत. तो रोगजंतूंचा प्रकार नसून जस्ताच्या कमतरतेचे लक्षण आहे, हे पंतनगर येथे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिले. रोग समजून औषधे फवारण्यात पैसा गेला असता, तो जस्ताच्या अल्पशा मात्रेने वाचला. शेणखत नियमित पडणाऱ्या शेतात अशा कमतरता सहसा उशिरा दिसतात, कारण त्यात सर्व द्रव्ये थोडी थोडी असतात.

मग केवळ शेणखत का नको?

रासायनिक खत अजिबात वर्ज्य करावे, असेही काही मंडळी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात जमिनीविषयीचा जिव्हाळा आहे, परंतु हिशेबही पाहिला पाहिजे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. म्हणजे दहा टन शेणखतातून सुमारे ५० किलो नत्र येते आणि त्याचाही थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. रोथॅमस्टेडच्या पट्ट्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत मिळत होते. ज्या गावात गोठे ओस पडत आहेत आणि नांगरटीचे बैल जाऊन यंत्रे आली आहेत, तेथे एवढे शेणखत कोठून आणावयाचे?

शेणखताचे खरे मोल त्यातील किलोंच्या आकड्यांत नाही. त्यामुळे जमीन भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते, तिच्यातील सूक्ष्म जीव वाढतात, आणि टाकलेले रासायनिक खत वाहून न जाता पिकाच्या मुळांशी टिकते. रासायनिक खत पिकाची तातडीची भूक भागवते, तर सेंद्रिय खत जमिनीची पचनशक्ती राखते. दोहोंची कामे वेगळी आहेत, म्हणून दोन्ही हवीत.

शेण कमी असेल तर काडीकचरा तरी मुबलक आहे. पाला, पेंढ्याचे उष्टे, तण, गोठ्यातील माती यांचे थर रचून उत्तम कंपोस्ट करण्याची 'इंदूर पद्धत' १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी विकसित केली. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली तिच्यावर ग्रंथही प्रसिद्ध केला. पुढे पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची पद्धत काढली. ती त्यांच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' या नावाने देशभर ओळखली जाते. थोड्या शेणात पुष्कळ कचरा कुजवणे हे तिचे वैशिष्ट्य होय. मराठी माणसांनी ज्या कामाला एवढा हातभार लावला, ते आपल्या परसात दिसू नये हे बरे नव्हे.

गोव्याच्या जमिनींचे विशेष

गोव्यातील बहुसंख्य जमिनी जांभ्या दगडापासून झालेल्या, स्वभावतः आम्ल आणि लोह-ॲल्युमिनियमयुक्त आहेत. त्यात दरसाल सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात चुना, पालाश यांसारखी द्रव्ये धुपून जातात. म्हणून रांची-पालमपूरचा धडा आपल्याला विशेष लागू पडतो. भाताच्या शेतात पाणी साचून राहिल्याने सामू तात्पुरता वर चढतो आणि जखडलेला स्फुरद काही अंशी मोकळा होतो, ही भातपिकाला मिळालेली निसर्गाची सवलत आहे. म्हणूनच आपल्याकडील घसरण मक्यासारखी एकाएकी न दिसता हळूहळू दिसते. हळूहळू येणारे दुखणे दुर्लक्षिले जाते, हा त्यातील धोका.

मरड जमिनी उंचावरच्या आणि उथळ असतात. त्यांत पाणी टिकत नाही, म्हणून सेंद्रिय खत आणि चुना यांची गरज तेथे अधिक. खेर जमिनी रेताड असतात. एकदम दिलेले खत त्यांतून झिरपून जाते, म्हणून ते थोडे थोडे विभागून द्यावे लागते. खाजन जमिनींची गोष्ट वेगळी आहे. तेथे खाडीचा गाळ आणि क्षार यांचे राज्य. कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे देशी भात तेथे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले. या जमिनीत पहिल्या पावसाने क्षार धुऊन जाऊ देणे, बांध आणि मानस सुस्थितीत ठेवणे, हेच पहिले काम. बांध फुटून खारे पाणी आत आले, तर खताचा सारा हिशेब व्यर्थ ठरतो.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

प्रथम माती तपासून घ्यावी. पीक निघाल्यावर शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा सुमारे १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घ्यावी. मेर, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळावी. सारी माती मिसळून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन ठेवीत जावे. अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून, स्वच्छ कापडी पिशवीत भरून, चिठ्ठीसह विभागीय कृषी कार्यालयाकडे द्यावी. केंद्र शासनाची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या पत्रिकेवर बारा बाबींची नोंद असते. ही पत्रिका भिंतीवर लावण्यासाठी नसून खताचे प्रमाण ठरवण्यासाठी आहे.

दुसरे, स्फुरद आणि पालाश यांची सबंध मात्रा बहुतेक जमिनींत शेवटच्या चिखलणीच्या वेळी द्यावी. रेताड खेर जमिनीत मात्र पालाश दोन वेळांत विभागावा. सिंगल सुपर फॉस्फेटमधून शेकडा १६ स्फुरद मिळतोच, शिवाय गंधक आणि कॅल्शियमही मिळते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश शेकडा ६० असतो.

तिसरे, युरिया एकदम न देता तीन वेळा विभागून द्यावा : काही भाग लावणीच्या वेळी, काही फुटवे येताना आणि उरलेला लोंबी धरण्याच्या सुमारास. शेतातील पाणी काढून चिखलावर युरिया द्यावा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी घ्यावे. मुसळधार पाऊस अपेक्षित असेल त्या दिवशी तो टाकू नये. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे झाले आहे. त्यामुळे नत्र सावकाश मोकळे होते, पण त्यावर विसंबून बेफिकीर राहणे योग्य नव्हे.

चौथे, हिरवळीच्या खताचा अंगीकार करावा. पहिल्या पावसाबरोबर ताग वा ढैंचा पेरून सहा-सात आठवड्यांनी चिखलात गाडावा. लावणी तेवढी लांबवता येत नसेल, तर मेरेवर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला शेतात तुडवावा. सरद भातानंतर ओलीवर अळसांदे घेण्याची आपली जुनी चाल तर शास्त्राला पूर्णपणे मान्य आहे. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. जेथे पाणी आहे तेथे वायंगण भात घ्यावे. जेथे नाही तेथे शेत उघडे न टाकता अळसांदे पेरावेत.

पाचवे, माती परीक्षणात आम्लता अधिक आढळल्यास शिफारशीप्रमाणे चुना द्यावा. तो लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. शेणखत वा युरिया यांच्याबरोबर एकाच वेळी देऊ नये, कारण त्यामुळे नत्र हवेत उडून जाते.

सहावे, पेंढा शेताबाहेर गेला तर परत आणावा. पिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग पेंढ्यातच असतो. पेंढा गुरांना घातला आणि शेण शेतात आले, म्हणजे पालाश घरी परतला. पेंढा विकला वा जाळला आणि बदली काहीच दिले नाही, तर तो रकाना दरसाल तुटीत जातो.

शिक्षक आणि अधिकारी यांच्यासाठी

ग्रामीण शाळेतील शिक्षकांना हा विषय फळ्यावर शिकवण्यापेक्षा वाफ्यात शिकवता येईल. शाळेच्या आवारात सारख्या आकाराचे चार वाफे करावेत. एकाला काही देऊ नये, दुसऱ्याला केवळ युरिया, तिसऱ्याला तिन्ही खते आणि चौथ्याला तिन्ही खतांसह कंपोस्ट द्यावे. मुलांनी दर आठवड्याला उंची व फुटवे मोजून वहीत लिहावेत आणि शेवटी दाण्यांचे वजन करावे. मात्र वाफे दरवर्षी तेच ठेवावेत. पहिल्या वर्षी दुसरा वाफा कदाचित बाजी मारील. पुढील वर्षांत काय होते ते मुलांच्या डोळ्यांना दिसेल आणि त्यांच्या तोंडून घरी पोचेल.

अधिकारीवर्गानेही किती गोणी खपल्या एवढ्यावर प्रगती मोजू नये. किती शेतांची माती तपासली, किती ठिकाणी तपासणीप्रमाणे खत पडले आणि किती कंपोस्ट तयार झाले, हे आकडे अधिक बोलके आहेत.

उपसंहार

एके काळी गावकरीच्या शेतांची पावणी ठरावीक मुदतीसाठी होत असे. पुढच्या खेपेस शेत आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेल्या कुळाने जमिनीत मुद्दल घालावे तरी कशासाठी? १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्यातील पाचवी दुरुस्ती यांनंतर कसणाऱ्याच्या हक्काला आधार मिळाला. ज्याचे शेत त्याच्या मुलाकडे जाणार आहे, त्याने जमिनीची शिल्लकही मुलासाठी राखणे क्रमप्राप्त आहे.

सारांश, दोष रासायनिक खतात नाही आणि चमत्कार शेणखतात नाही. दोष एकांगीपणात आहे. जे पीक घेऊन जाते ते मापाने परत द्यावे, आणि जमिनीत सेंद्रिय द्रव्य सतत घालीत राहावे, एवढेच शेकडो हंगामांच्या प्रयोगांचे सार होय. येत्या पावसापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने निदान एका शेताची माती तपासून घ्यावी आणि एका कोऱ्या वहीत जमा व खर्च असे दोन रकाने आखावेत. जमीन तिची खतावणी लिहितेच आहे. आपण आपली लिहू लागलो, म्हणजे दोन्ही वह्या जुळवून पाहता येतील.